आरंभशूरांचा घाट

यंदाच्या टपालात घराबाहेर सायकल काढणाऱ्यांचं पत्र एकही नाही. जवळपास सगळी घरात बसून घाट चढणाऱ्यांची. पावसाळा आहे, चालायचंच. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सायकलचं मागचं चाक काढून ती ‘स्मार्ट ट्रेनर’ नावाच्या यंत्रावर बसवायची आणि समोर पडदा ठेवायचा. पडद्यावर चढ आला की यंत्र पॅडल जड करतं. तुम्ही किती वॅटचा जोर लावताय ते मोजतं आणि त्या हिशेबाने पडद्यावरचा तुमचा बाहुला पुढे सरकतो. त्याच वेळी त्याच रस्त्यावर जगभरातले शंभर-दोनशे जण आपापल्या घरात घाम गाळत असतात. झ्विफ्ट हे यातलं नावाजलेलं ॲप आणि ‘आल्प द्यू झ्विफ्ट’ हा त्यातला नावाजलेला घाट. फ्रान्समधल्या आल्प द्युएझची ही नक्कल: १२.२ किलोमीटर, १,०३६ मीटर चढाई, सरासरी साडेआठ टक्के आणि २१ वळणं, ज्यांचे आकडे खालून वर २१ पासून एकपर्यंत उतरत जातात. सिंहगड सायकलने चढलेल्यांच्या भाषेत सांगायचं तर पायथ्यापासून एकदा गड चढा, आणि वर पोचलात की दम न खाता पुन्हा अर्ध्याहून जास्त चढा.

मी ४१ वर्षांचा, वजन ६८ किलो, एफटीपी (तासभर टिकणारा जोर) २१० वॅट. गेल्या महिन्यात आल्पवरची पहिली शर्यत केली. सुरुवात झकास झाली. पायथ्यापर्यंत पहिल्या वीस जणांत होतो. पहिली आठ-दहा मिनिटं २५५ वॅट सहज निघत होते. पंधराव्या वळणापाशी पाय भरून आले. नंतर दीडशे वॅटसुद्धा निघेनात. वर पोचायला ८४ मिनिटं लागली. मागून येऊन पन्नास-साठ जण पुढे गेले, त्यात एक साठी ओलांडलेल्या आजीही होत्या. ताकद कमी पडते की सराव? आणखी इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग थोडा वेळ हळू असा सराव) करू का?
— वाचक, इचलकरंजी

इंटरव्हल राहू द्या. तुमच्याकडे ताकद आहे, हिशेब नाही. आपल्याकडे ‘आरंभशूर’ हा शब्द फार जुना आहे आणि या घाटासाठीच केलाय असं मला दर शर्यतीला वाटतं.

एफटीपी २१० म्हणजे ढोबळमानाने तासभर टिकेल असा तुमचा सगळ्यात जास्त जोर. तुम्ही चढाला लागतानाच २५५ लावलेत, म्हणजे ऐपतीपेक्षा वीस टक्के जास्त. सपाट रस्त्यावर हे खपून जातं, कारण तिथे घोळक्यामागे लपता येतं, उतार येतो, दोन मिनिटं पाय सैल सोडता येतात. आल्पवर उतार नाही. घेतलेली उधारी फेडायला जागाच नाही, व्याज मात्र प्रत्येक वळणावर चढतं. आणि वेग ताशी दहा-बारा किलोमीटर असल्यामुळे दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याचा फायदा जवळपास शून्य. म्हणजे ज्या वीस जणांना तुम्ही धरून होतात, त्यांना धरून राहण्यात तुमचा काडीचा फायदा नव्हता.

आता हिशेब. तुम्ही ६८ किलो, सायकल आठ किलो धरा. ७६ किलो वजन १,०३६ मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा ठरलेली आहे, तिच्यात घासाघीस चालत नाही. टायरचं घर्षण आणि थोडा वारा मिळवला तर सगळं मिळून ८३० किलोज्यूलच्या आसपास जातं. याला वॅटने भागलं की सेकंद येतात. १९८ वॅट एकसारखे लावलेत तर ७० मिनिटं. तासाच्या आत यायचं तर २३० च्या आसपास वॅट तासभर हवेत, आणि ते आज तुमच्याकडे नाहीत. तुमच्या ८४ मिनिटांची सरासरी निघते १६५. म्हणजे २५५ ने सुरुवात करून तुम्ही १६५ चा घाट चढलात. शहाण्यासारखे १९८ वर बसून राहिला असतात तर तोच माणूस, तीच सायकल, तोच दिवस, आणि १४ मिनिटं आधी वर.

पुढच्या वेळी असं करा. पायथ्यापर्यंतचे पाचेक किलोमीटर जंगलातून जातात आणि शर्यत सुटताना सगळे पिसाळल्यासारखे धावतात. तिथे घोळका उपयोगी आहे, कारण वेग जास्त असतो. पण शेपटाकडे राहा. घोळका सुटला तर सुटू द्या, तुमची शर्यत पायथ्याला सुरू होणार आहे. वर चढताना वळणांचे आकडे २१ पासून उतरत येतात. एका वळणापासून दुसऱ्यापर्यंत तुम्हाला सरासरी सव्वातीन मिनिटं लागतील. एकविसाव्यापासून सतराव्यापर्यंत १९५ च्या वर जायचं नाही, कितीही जण पुढे गेले तरी. सगळ्यात अवघड भाग हाच. अवघड पायांना नाही, मनाला. त्यानंतर फार तीव्र तुकड्यावर २१० चालेल, पण जरा सपाटी आली म्हणून १७० वर विसावू नका. लोक वेळ घालवतात तो तिथेच. नवव्या-दहाव्या वळणापासून तुमच्या लक्षात येईल की मघाशी पुढे गेलेली नावं एकेक करून मागे पडताहेत. त्यांच्याकडे बघून जोर वाढवू नका, ती आपोआप मागे पडतात. शेवटच्या तीन वळणांत काय शिल्लक असेल ते काढा.

हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्या पहिल्या शर्यतीत मी माझ्यापेक्षा वरच्या गटातल्या मंडळींच्या मागे लागले होते. पंधराव्या वळणावर, तुमच्याच जागी, पाय खाली टेकवून हँडलवर डोकं ठेवून बसले. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, “पोचलीस का गं?” म्हटलं, “नाही, अजून पंधरा वळणं आहेत.” त्या म्हणाल्या, “मग चहा ठेवू का नको, तेवढं सांग.” चहा झाला, मग उरलेली पंधरा वळणं झाली. वेळ सांगत नाही.

एक तांत्रिक गोष्ट बघून ठेवा. ॲपमध्ये ‘ट्रेनर डिफिकल्टी’ नावाची खूण असते, पडद्यावरचा चढ पायांना किती जाणवावा ते ती ठरवते आणि मुळात ५० टक्क्यांवर असते. काही जण मर्दुमकी म्हणून ती १०० वर नेतात. त्याने घाट खरा होत नाही, फक्त गिअर संपतात. तुमच्यासारख्या माणसाचा २१० वॅटला बारा टक्के चढावर वेग ताशी आठच्या घरात असतो. पुढे ३४ दातांची आणि मागे २८ दातांची चकती असेल तर मिनिटाला पन्नासेक फेरे, म्हणजे गुडघ्यांची वाट. खूण ५० वर ठेवलीत तर बारा टक्के सहासारखे लागतात, हलका गिअर हाताशी राहतो, आणि वर जायला लागणारे वॅट तेवढेच राहतात. ही चोरी नाही. त्याखाली आणलीत तरी नाही.

आजींना माझा नमस्कार. त्यांनी सुरुवातीला तुमच्याकडे बघितलंही नसेल.

आमच्या भागात संध्याकाळी लाईट जाते. गेल्या शर्यतीत चौथ्या वळणावर सगळं अंधारलं. शिवाय खोलीत इतकं उकडतं की वॅट धरून ठेवता येत नाहीत. काय करावं?
— निवृत्त शिक्षक, सातारा

सर, आधी उकाड्याचं बघू, कारण लाईट एखाद्या दिवशी जाते, उकाडा रोजचा. पॅडलवर २०० वॅट पोचवायला शरीर साधारण ९०० वॅट खर्च करतं. उरलेले ७०० अंगातून उष्णता म्हणून बाहेर पडतात. घरातली साधी इस्त्री ७५० वॅटची असते. म्हणजे बंद खोलीत तास-सव्वातास एक तापलेली इस्त्री ठेवल्यासारखं आहे, आणि ती इस्त्री तुम्ही आहात. रस्त्यावर वारा ही उष्णता नेतो. घरात ते काम पंख्याचं. छताचा पंखा पुरत नाही. जमिनीवर ठेवायचा मोठा पंखा समोरून छातीवर येईल असा लावा, जमला तर दुसरा पाठीवर. खिडकी उघडी हवी. शर्यतीआधी आणि नंतर, दोन्ही वेळा अंग पुसून वजन करा. जेवढं कमी भरेल ते पाणी. माझं श्रावणातल्या दमट संध्याकाळी सव्वा किलो उतरतं. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत दोन बाटल्या भरून ठेवा, आठवण येईल तेव्हा नव्हे तर दर दोन वळणांनी घोट घ्या. हँडलवर जुना पंचा टाका. घाम हँडलच्या पट्टीखाली झिरपतो आणि हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमचे बोल्ट गंजवतो. माझा एक बोल्ट काढताना तुटला तेव्हा सायकल दुरुस्त करणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, समुद्राकाठी राहता का?” मी नाशिकला राहते.

आता लाईट. ट्रेनर, राउटर आणि टॅबलेट मिळून फार वीज खात नाहीत, ती खातो पंखा. चौघांनाही घरच्या इन्व्हर्टरवर घ्या. पण एवढ्याने भागत नाही. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, राउटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ असं लिहिलेलं बटण असतं, ते त्या बाजूला करा, म्हणजे खंड फार लहान होतो. नाहीतर राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएस मिळतो. इंटरनेट गेलं तर पडद्यावर तुम्ही एकटेच घाट चढत राहता, बाकी सगळे अदृश्य. दृश्य फार सुंदर असतं, पण निकालात नाव लागेलच याचा भरवसा नाही. माझी लाईट एकदा तिसऱ्या वळणावर गेली होती. चौथ्यापेक्षा वाईट, एवढंच सांगते.

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याने ॲपमध्ये आपलं वजन ५८ ऐवजी ५४ टाकलंय. विचारलं तर म्हणतो, सगळेच टाकतात. त्यात भर म्हणजे आता तो रात्री भाकरी खात नाही, म्हणतो की खरंच ५४ झालो तर खोटं राहणार नाही. रागवावं की दुर्लक्ष करावं?
— एक आई, ठाणे

ताई, तुमच्या पत्रात दोन गोष्टी आहेत. दुसरी जास्त गंभीर, पण पहिलीपासून सुरू करते, कारण तुमच्या मुलाला आकडे पटतील.

या घाटावर एक किलो वर न्यायला सुमारे दहा किलोज्यूल लागतात. त्याच्यासारख्या मुलाला, समजा दोनशे वॅटच्या जोरावर, ते पन्नासेक सेकंदांइतके पडतात. चार किलो खोटं म्हणजे तीन मिनिटांहून जास्त. सपाट शर्यतीत वजनाची थाप फारशी कामाला येत नाही, लांब घाटावर ती सगळ्यात जास्त येते. म्हणून ‘सगळेच टाकतात’ हे घाटाच्या शर्यतीतच जास्त ऐकू येतं. सगळे टाकत नाहीत. वरच्या पातळीवर कॅमेऱ्यासमोर वजन करून दाखवावं लागतं आणि वॅट दोन वेगळ्या उपकरणांवर नोंदवून ताडून बघतात. २०१९ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय ई-शर्यतीच्या विजेत्याचं विजेतेपद काढून घेतलं आणि सहा महिन्यांची बंदी घातली. कारण काय, तर खेळातली वेगवान सायकल त्याने स्वतः पॅडल मारून नव्हे, संगणकाच्या प्रोग्रामकडून फिरवून मिळवली होती. शर्यत घरातली, बंदी मात्र खरी.

आता भाकरी. सोळाव्या वर्षी हाडं भरायची असतात. या वयात उपाशी राहून वजन कमी केलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वॅट स्नायूतून येतात. म्हणजे वजनाबरोबर जोरही उतरतो आणि घाटावर हातात काहीच येत नाही, वर झोप आणि अभ्यास बिघडतो ते वेगळंच. रागवू नका, पण दुर्लक्ष तर मुळीच करू नका. रात्रीचं जेवण टाळणं चालू राहिलं, किंवा तो सारखा वजनकाट्यावर उभा राहू लागला, तर डॉक्टरांकडे न्या, आणि ‘खेळणारा मुलगा आहे’ हे त्यांना सांगा. त्याला माझा एकच निरोप द्या: अजून दोन वर्षं वजन वाढणारच आहे, वॅट त्याहून वेगाने वाढतील, तेव्हा खरं वजन टाक आणि खालच्या गटात मजेत हार. हरताना जे शिकता येतं ते खोट्या ५४ ला कळत नाही. आणि भाकरीवर तूप घाला.

नोकरीनिमित्त ग्रनोबलला असतो. आल्प द्यू झ्विफ्ट ६१ मिनिटांत केला आहे. मेमध्ये खऱ्या आल्प द्युएझला जाणार आहे. तासाच्या आत होईल ना?
— वाचक, ग्रनोबल, फ्रान्स

भाग्यवान आहात, घराजवळ आहे. पण तासाचं स्वप्न जरा बाजूला ठेवा. खरा चढ ले बूर द्वाझाँ गावातून मोजतात तेव्हा १३.८ किलोमीटर भरतो, म्हणजे दीड किलोमीटर जास्त. सुरुवातीचे दोन किलोमीटर दहा टक्क्यांच्या आसपास आहेत आणि तिथेच लोक इचलकरंजीच्या वाचकांसारखे वागतात. वरचं गाव अठराशे मीटरच्या पुढे आहे. तिथल्या विरळ हवेत तुमचे वॅट थोडे कमी पडतील, पडद्यावरच्या घाटात हवा विरळ होत नाही. गाड्या असतील, ऊन असेल. मात्र वारा फुकट मिळेल, आणि घरातल्या उकाड्यानंतर ती चैन वाटेल.

पडद्यावरचं एक कौशल्य तिथे कामाला येत नाही, ते म्हणजे उतरणं. घरात उतार म्हणजे पॅडल थांबवून पाणी पिणं. तिथे २१ वळणं ब्रेक सांभाळत उतरायची आहेत. ब्रेकचे पॅड आधी तपासा, वर गेलात की जाकीट चढवा.

वळणांच्या पाट्यांवर तिथे जिंकलेल्यांची नावं असतात. तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत १९५२ मध्ये पहिल्यांदा इथे आली आणि फाउस्तो कोप्पी जिंकला. सातवं वळण डच लोकांचं, शर्यतीच्या दिवशी तिथे सगळं नारिंगी असतं. २०२४ मध्ये महिलांच्या तूरचा शेवटचा टप्पा इथेच संपला. टप्पा डेमी व्होलेरिंग जिंकली, आणि एकूण शर्यत कासिया निएविआदोमाने जिंकली, अवघ्या चार सेकंदांनी. आठ टप्प्यांची शर्यत आणि चार सेकंद! तेव्हा फोटोसाठी कुठल्या वळणावर थांबायचं ते आधी ठरवा. मी असते तर सातव्यावर थांबले असते आणि तासाचा नाद सोडला असता.

घरातल्या शर्यतीत जिंकणारे खऱ्या रस्त्यावर कुठे दिसतात का? आमच्या ग्रुपमध्ये यावर रोज भांडण होतं.
— वाचक, पनवेल

दिसतात. ऑस्ट्रेलियाचा जे व्हाइन २०२० मध्ये झ्विफ्टच्या निवडस्पर्धेतून व्यावसायिक संघात गेला आणि २०२२ मध्ये वुएल्टा या स्पेनमधल्या मोठ्या शर्यतीत दोन डोंगरी टप्पे जिंकला. त्याच वर्षी सायकलिंग ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे पडद्यावरच्या शर्यतीचा, जगज्जेताही तोच. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या पहिल्या ई-जागतिक स्पर्धेचा विजेता जेसन ऑस्बोर्न तर मुळात वल्हवणारा. पुढच्या वर्षी टोकियोत त्याने नौकानयनाचं रौप्य मिळवलं. उलट बाजूही सांगा ग्रुपला: घोळक्यात खांद्याला खांदा लावून चालवणं, पावसात वळणं घेणं, पडल्यावर उठणं हे पडदा शिकवत नाही. भांडण मिटणार नाही, मिटवूही नका.

मी सायकल चालवत नाही. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये रोज पहाटे सव्वापाचला पिठाची गिरणी सुरू होते. चौकशी केली तर कळलं, ते गृहस्थ “आल्प्स चढतात”. तुम्हीच अशा लोकांना चढवता असं दिसतं. उपाय सांगा.
— त्रस्त रहिवासी, कोथरूड, पुणे

गुन्हा कबूल. तो आवाज हवेतून येत नाही, स्लॅबमधून येतो, म्हणून तुम्ही खिडक्या लावूनही उपयोग होत नसेल. वरच्या गृहस्थांना हे सांगा. ट्रेनरखाली पातळ योगा मॅट असेल तर ती काढून जिममध्ये वापरतात त्या जाड रबरी फरशा टाकायच्या. मऊ स्पंजची गादी नको, त्यावर ट्रेनर डुलतो. खोलीच्या मधोमध स्लॅब जास्त थरथरतो, म्हणून सायकल भिंतीकडे, तुळईजवळ सरकवायची. त्यांचा ट्रेनर मागचं चाक रोलरवर फिरणारा असेल तर आवाज टायरचा आहे. चाक काढून बसवायचे ट्रेनर बरेच शांत असतात, मात्र महाग असतात. आणि पहाटे सव्वापाच हा हट्ट आहे. झ्विफ्टवर दिवसभर कुठली ना कुठली शर्यत सुटतच असते. आपल्या संध्याकाळी सहा-सातला युरोपात दुपार असते, तेव्हाही सोबत भरपूर मिळते.

माझ्याही खाली एक काकू राहतात. रबरी फरशा टाकून झाल्यावर मी त्यांना दर रविवारी आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहून द्यायला लागले: मंगळवार संध्याकाळ, शनिवार सकाळ, प्रत्येकी सव्वा तास. तक्रार थांबली. गेल्या मंगळवारी जिन्यात भेटल्या तर काळजीने विचारलं, “काल चाळीस मिनिटांतच थांबलात? पाय दुखला का?” मी म्हटलं, “काकू, काल सोमवार होता.” त्या म्हणाल्या, “अगंबाई, मग काल कोण गेलं वर?”

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानेही ट्रेनर आणलाय. फरशा कुठे मिळतात ते त्याला सांगितलंय.